हळदीकुंकवाला आलेली लेफ्टनंट

आमच्या महिला मंडळाच्या हळदीकुंकवाचं वाण गेली कित्येक वर्षं मीच आणते. मी मंडळाची कार्यवाह आहे आणि पोटासाठी बडोद्यात मकरपुऱ्यातल्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात काम करते, म्हणजे दोन्हीकडे काम एकच. प्लास्टिकचे डबे, स्टीलच्या वाट्या, कापडी पिशव्या. एका वर्षी तर सगळ्यांना बटाटे सोलायची सोलाणी दिली होती. बायका हसतात, पण घेऊन जातात.

गेल्या संक्रांतीच्या आधी आमच्या कार्यकारिणीच्या सभेला एक सुभेदारसाहेब आले. मूळचे साताऱ्याकडचे. फौजेतून निवृत्त झाल्यावर कोयलीकडे एका कारखान्यात सुरक्षेच्या कामाला लागले आणि इथलेच झाले. त्यांनी चहा घेतला, कप बशीच्या बरोबर मधोमध ठेवला आणि सांगितलं की आपल्या बडोद्यात रस्त्यावर झोपणारे माजी सैनिक आहेत. सयाजीगंजात स्टेशनबाहेर आहेत, पुलाखाली आहेत, देवळांच्या पायऱ्यांवर आहेत. ते आणि त्यांचे दोन-चार मित्र सकाळी लवकर फिरून त्यांना शोधून काढत होते.

मला वाटलं, ह्यांचा काहीतरी गैरसमज झालाय. फौजी माणूस म्हणजे पेन्शन, कॅन्टीन आणि इस्त्रीची विजार, एवढंच माझ्या डोक्यात. सुभेदारसाहेबांनी समजावून सांगितलं. कोणी पेन्शन बसायच्या आत सुटलेला असतो. कोणाला दारू लागलेली असते. कोणाला रात्री ओरडत उठायची सवय असते, ती घरच्यांना सोसत नाही. आमच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "पण आम्हाला कधी कोणी दिसलं कसं नाही हो?"

"भीक मागत नाहीत, म्हणून दिसत नाहीत," ते म्हणाले.

त्या दिवशी मी घरी जाताना स्टेशनवरून मुद्दाम रिक्षा हळू घ्यायला लावली आणि फुटपाथवरच्या प्रत्येक माणसाच्या पायांकडे बघत गेले. मी रोज ज्या रस्त्याने जाते त्या रस्त्यावर इतकी माणसं आडवी असतात हे मला माहीतच नव्हतं.

तर ठरलं असं, की यंदाचं वाण आपसात लुटायचं नाही. ह्या माणसांना द्यायचं. रथसप्तमीच्या आधीच्या रविवारी मंडळाच्या सभागृहात नेहमीचं हळदीकुंकू, आणि त्याच वेळी मागच्या अंगणात त्यांच्यासाठी गरम पाण्याने अंघोळ, दाढी-कटिंग, डॉक्टरांची तपासणी, नवे कपडे, जेवण. संध्याकाळी एक मिनीबस त्यांना डभोई रस्त्यावरच्या एका आश्रमात नेणार. तिथे सुभेदारसाहेबांनी खाटांची सोय लावली होती. सगळ्यात महत्त्वाचं तेच होतं. अंघोळ एका दिवसाची असते, खाट रोजची.

माझ्याकडे द्या म्हटल्यावर काम माझ्याकडे येतंच. मी याद्या केल्या. एकेका पिशवीत पुरुषाचा शर्ट, विजार, बनियन, टॉवेल, साबण, वस्तरा, कंगवा, मफलर, जाड सतरंजी. मापं तीन प्रकारची. पाणी तापवायला बंब दोन. मला माझ्या याद्यांचा अभिमान आहे, तो मी लपवत नाही.

रविवारी सगळं घड्याळासारखं सुरू झालं. अंगणातल्या झाडावर उत्तरायणातले पतंग अजून अडकलेले होते आणि त्याखाली सलूनवाल्याने आपली खुर्ची मांडली होती. माणसं आली. गप्प गप्प, एकेक करून, फाटकाशी थबकत. सुभेदारसाहेब प्रत्येकाला पलटण विचारत, आणि तो शब्द ऐकला की वाकलेल्या माणसाचीही मान वर यायची. एक उंच म्हातारे गृहस्थ खुर्चीत बसल्याबसल्या, गालावर साबण असतानाच झोपी गेले. सलूनवाल्याने हात थांबवून माझ्याकडे बघितलं. "बेन, आ तो सूई गया. शुं करूं?" मी म्हटलं, करत राहा. त्याने आपल्या तळहातावर त्यांचं डोकं तोलून धरलं आणि सगळी दाढी तशीच केली. मी आत निघून गेले, कारण मला ते बघवेना.

आत हळदीकुंकू रंगात आलं होतं. दारात आमच्या दोन सभासदांच्या सुना उभ्या होत्या. येणाऱ्या प्रत्येकीला हळदीकुंकू, हाताला अत्तर, अंगावर गुलाबपाणी, तिळाची वडी आणि एक फूल. हळदीकुंकवाला आलेल्या बाईला तुम्ही कोणाबरोबर आलात असं विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. ओळखीची नसली तर कोणाची तरी नणंद असेल, विहीण असेल, शेजारीण असेल असं धरून चालतात. दुसऱ्या ओळीत कडेच्या खुर्चीवर एक वयस्कर बाई बसल्या होत्या, त्यांच्याबद्दल सगळ्यांनी तसंच धरलं. मीही धरलं. फिकट निळी सुती साडी, चापून नेसलेली. पायात कॅनव्हासचे बूट. मांडीवर झिपची काळी पिशवी आणि तिच्या पट्ट्याचा मनगटाला एक वेढा. त्यांनी बटाटेवड्याची बशी संपवली, दुसरी दिली तीही संपवली. भराभर, पण एक कण सांडला नाही. मसाला दूध मागून घेतलं. उखाण्यांना टाळ्या वाजवल्या.

मग त्या उठून माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "नाव कुठे नोंदवायचं?"

मी म्हटलं, सभासद नोंदणी एप्रिलपासून सुरू होते, दोन फोटो लागतात, वर्गणी वर्षाची घेतो.

"सभासदाचं नाही. मागे अंगणात चाललंय ते."

"ते माजी सैनिकांचं आहे, मावशी."

"हो," त्या म्हणाल्या. "मी लेफ्टनंट होते. मिलिटरी नर्सिंगमध्ये. आणि मला आज रात्री झोपायला जागा नाहीये."

माझ्या हातात दुधाच्या पेल्यांचा ट्रे होता. तो मी कुठे ठेवला हे मला आजही सांगता येणार नाही. मला आठवतं ते त्यांच्या कपाळावरचं ताजं कुंकू, आणि केसांवर गुलाबपाण्याचे थेंब. तासभर त्या आमच्यात बसल्या होत्या. शर्टाची मापं मी तीन प्रकारची घेतली होती, आणि एका पिशवीतही साडी नव्हती.

मी त्यांना अंगणात नेलं. सुभेदारसाहेबांनी आधी माझ्याकडे, मग त्यांच्याकडे बघितलं. बाईंनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढून दिला. सुभेदारसाहेबांनी तो वाचला, खुर्चीवरून उठले आणि त्यांचे पाय जुळले. "मॅडम," म्हणाले, "आपण बसा."

मला काय करावं सुचेना तेव्हा मी नेहमी करते तेच केलं, एक पिशवी उचलून बाईंच्या हातात दिली. त्यांनी ती उघडून तपासली. साबण, टॉवेल, मफलर, सतरंजी ठेवून घेतली. वस्तरा काढून माझ्या हातात परत दिला.

"दाढी अजून आली नाही मला," त्या म्हणाल्या. "आली की मागून घेईन."

सुभेदारसाहेब हसले नाहीत. ते फोन घेऊन झाडाखाली गेले होते. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा बघूनच मला कळलं. आश्रमात सगळे पुरुष, एकच मोठी खोली, संडास-बाथरूमही एकच. बाईमाणसाला घेता येणार नाही, व्यवस्थापक म्हणाले होते, आणि त्यांचं खोटं नव्हतं. मी म्हटलं, स्त्रियांचं निवारागृह असेल. आहे, ते म्हणाले, पण तिथे चिठ्ठी लागते आणि रविवारी चिठ्ठी देणारं कोणी नसतं. वृद्धाश्रमात हमी घेणारा नातेवाईक लागतो. मग मी महापालिकेच्या रात्रीच्या निवाऱ्याचं, रैनबसेऱ्याचं नाव काढलं.

"तिथे मी गेले होते," लेफ्टनंटबाई म्हणाल्या. "ते परत विचारू नका."

आवाज चढला नाही, काही नाही.

त्यांची हकीकत त्यांनी मला स्वयंपाकघरात, चहा घेताना सांगितली. विचारलं तेवढंच सांगत होत्या, केसपेपर वाचून दाखवावा तशा. त्या बडोद्याच्याच. वडील जुन्या राज्याच्या दफ्तरात होते. फौजेत ह्यांची ठरावीक मुदतीची नेमणूक होती, पेन्शन बसेपर्यंत राहिल्या नाहीत, कारण आई अंथरुणाला खिळली आणि भावाने बोलावून घेतलं. लग्न केलं नाही. पुढे गुडघे चालले तोवर खाजगी दवाखान्यांत नोकऱ्या. तरसालीला भावाने घर बांधलं त्यात ह्यांचेही पैसे होते, कागदावर नाव भावाचं. भाऊ आणि वहिनी गेल्यावर भाच्याने घर विकलं आणि बायकामुलांसह कॅनडाला निघाला. आत्याची सोय एका चांगल्या ठिकाणी केलीय म्हणाला, पत्ता लिहून दिला.

"त्याला सोडायला मी अमदावादच्या विमानतळावर गेले होते," त्या म्हणाल्या. "मला काचेतून हात करत होता. परत येताना टॅक्सीवाल्याला पत्ता दाखवला. तिथे रंगाचं दुकान होतं. तो म्हणाला, बा, हवे क्यां उतारूं?"

मी विचारलं, मग?

"मग मी त्याला मोठ्या दवाखान्यात सोड म्हटलं. म्हातारी नर्स दवाखान्यात शिरली तर कोणी विचारत नाही."

आणि त्या तिथेच राहिल्या. दवाखान्याच्या व्हरांड्यात पेशंटचे नातेवाईक झोपतात ना, त्यांच्यात. रोज कुठल्या तरी वॉर्डातला एक खाट क्रमांक लक्षात ठेवायच्या, रखवालदाराने विचारलं तर सांगायला. पेशंट घरी गेला किंवा वारला की दुसरा क्रमांक. रात्री कोणाचं सलाइन संपत आलं तर नातेवाइकाला उठवायच्या, कोणाला कुठला कागद कुठे न्यायचा ते सांगायच्या, त्यामुळे लोक त्यांना चहा पाजायचे, डब्यातलं द्यायचे. सकाळी नळावर अंघोळ, साडी व्हरांड्याच्या कठड्यावर वाळत. दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे असे गेले होते. आता दवाखान्यात पास सुरू झाले. एका पेशंटमागे एकच नातेवाईक, गळ्यात पास, तपासणी कडक. तेव्हापासून त्या स्टेशनवर बसून रात्र काढत होत्या. आडवं व्हायचं नाही, फक्त बसायचं.

"आडवं झालं की माणसं जवळ येतात," त्या म्हणाल्या.

माझ्या सासूबाई त्याच दवाखान्यात काही दिवस होत्या. मी त्या व्हरांड्यातून डबा घेऊन ये-जा केली होती. ओळीने झोपलेल्या नातेवाइकांना ओलांडत. हे मी त्यांना सांगितलं नाही.

बाहेर सभागृहात तोवर बातमी पोचली होती. मी आले तर चार-पाच जणी खांबापाशी उभ्या. त्यांचा पहिला प्रश्न होता, "अगं, तिला कुंकू लावलं दारात. नवरा आहे का, विचारलं होतं का?"

मला आधी कळलंच नाही काय विचारतायत. कळलं तेव्हा मला इतका धक्का बसला की मी सरळ उत्तर दिलं. लग्न केलेलं नाही, त्यामुळे कुंकू चालतं, निश्चिंत राहा. मग मी अध्यक्षबाईंना म्हटलं की वरची खोली द्या.

आमच्या सभागृहाच्या माडीवर एक खोली आहे. समारंभाच्या दिवशी नवरीला तयार व्हायला देतो. एरवी रिकामी. आत एक पलंग आणि आरसा, बाजूला न्हाणीघर. अध्यक्षबाई म्हणाल्या, असं कसं देता येईल, ठराव लागेल, आज काही सभा नाही. मी म्हटलं, सभा करू. वार्षिक सभेला येत नाहीत त्याच्या दुपटीने सभासद आज समोर बसल्या आहेत. आपल्या घटनेत तातडीच्या सभेची तरतूद आहे, ती मीच टाइप केली आहे.

तर हळदीकुंकवाच्या मध्यात आमची तातडीची सभा भरली. जरीच्या साड्या, हातात तिळाच्या वड्या, आणि विषय, एका बाईला रात्री झोपू द्यावं की नाही. त्या बाई तिथेच दुसऱ्या ओळीत आपल्या खुर्चीवर परत येऊन बसल्या होत्या. बाहेर थांबता का, मी हळूच विचारलं होतं. नाही, म्हणाल्या, माझ्याबद्दल चाललंय, मी ऐकते.

मी ठराव मांडला. मग एकेक बोलू लागली. पुढच्या शनिवारी साखरपुड्याला सभागृह दिलंय, नवरीने कुठे तयार व्हायचं? आज ह्या, उद्या आणखी कोणी. आजारी पडल्या तर जबाबदारी कोणाची? पोलिसांत कळवावं का? वाईट कोणीच बोलत नव्हतं. सगळ्या अगदी समजूतदार आवाजात बोलत होत्या, आणि त्याचंच मला भय वाटत होतं. खजिनदारबाई म्हणाल्या, "इतकं वाटतंय तर तुम्ही घरी न्या ना. तुमचा फ्लॅट मोठा आहे."

ते मला लागलं, पण चुकीचं नव्हतं. मी वळून लेफ्टनंटबाईंना सगळ्यांसमक्ष विचारलं, माझ्याकडे येता का. खरंच विचारलं.

त्या उभ्या राहिल्या. "नको," म्हणाल्या. "घरातून निघायला सांगायला कोणाचं काही लागत नाही. सकाळी चहा देता देता सांगता येतं. मला अशी जागा द्या, जिथून काढायला तुम्हाला पुन्हा अशीच सभा घ्यावी लागेल."

मागच्या अंगणात मिनीबस चालू झाल्याचं ऐकू आलं. बाकीच्यांची खाटांकडे निघायची वेळ झाली होती.

मी म्हटलं, "ठरावाला अनुमोदन?"

कोणी हात वर केला नाही. मी पुन्हा विचारलं. माझ्या मैत्रिणी आहेत त्या, वर्षानुवर्षांच्या, माझ्या मुलीच्या लग्नात पहाटेपासून राबलेल्या. एकीने पदर सारखा केला. एक फोन बघत होती, फोनवर काहीच नव्हतं. अध्यक्षबाई म्हणाल्या, अनुमोदन नसेल तर ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब. आमच्याकडे अनुमोदनाशिवाय मतदानच होत नाही. पुढची सभा पुढच्या महिन्यात. लेफ्टनंटबाईंनी पिशवीचा पट्टा मनगटाला आणखी एकदा गुंडाळला आणि पुढे काय करायचं ते त्यांचं ठरलंय हे मला दिसलं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला, "माझं लिही."

तिथे काकू उभ्या होत्या. काकू आमच्या चहा-दुधाचं बघतात. विधवा झाल्यापासून दर हळदीकुंकवाला त्या आत गॅसपाशी असतात, आज आमचा चहा चालला होता तेव्हाही होत्या, आणि त्या तिथे का असतात ह्यावर आम्ही कधी बोललो नाही. त्यांना कोणी मना केलेलं नाही. त्यांना कोणी बाहेर बोलावलेलंही नाही.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "काकू, तुम्ही कशाला..."

"मी सभासद आहे ना? आजीव आहे. तुझ्या आधीची," काकू म्हणाल्या. त्यांनी पदराला हात पुसले, चौकट ओलांडून बाहेर आल्या आणि लेफ्टनंटबाईंच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसल्या. "लिही. आणि मत घे लवकर, दूध उतू जाईल."

मत घेतलं. हात वर झाले, एकमेकींकडे न बघता, आधी मागच्या ओळीतले, मग पुढचे. पुढच्या कार्यकारिणी सभेपर्यंत, आणि शनिवारी साखरपुड्यापुरती खोली मोकळी करून द्यावी, अशी दुरुस्ती खजिनदारबाईंनी घातली. ठराव संमत झाला. लगेच उखाणे पुन्हा सुरू झाले, जरा जास्तच मोठ्या आवाजात.

पुढचं इथेच सांगून टाकते. मुदत दोनदा वाढली आणि नंतर सुभेदारसाहेबांच्या खटपटीने त्यांना एका सेवाभावी रुग्णालयात राहण्यासकट काम मिळालं, रात्री वॉर्डावर देखरेखीचं. आता त्यांच्या गळ्यात रीतसर पास आहे. पण त्या संध्याकाळचं अजून राहिलंय.

मिनीबस गेली. सभासद गेल्या. दिवेलागणीला मी त्यांना घेऊन माडीवर गेले. गादीवर धुतलेली चादर घातली. त्यांनी ती काढून परत घातली, कोपरे दुमडून, एकही सुरकुती न ठेवता. खिडकी तपासली. न्हाणीघराचा नळ सोडून बघितला. मग दार लावलं, आणि दाराकडे बघत उभ्या राहिल्या.

"आतून कडी नाहीये," त्या म्हणाल्या.

खरंच नव्हती. आतली कडी मागच्या लग्नसराईत तुटली होती. तेव्हापासून नवरी कपडे बदलताना तिच्या मावश्या दाराला पाठ लावून उभ्या राहतात आणि हसतात. बाहेरून मात्र भक्कम कडी होती, कुलपाची. मी कार्यवाह आहे, दुरुस्त्यांची यादी माझ्याकडे असते, आणि ही कडी त्या यादीत मी घातली नव्हती. मला ती महत्त्वाची वाटलीच नव्हती. मी आजवर आयुष्यात जिथे जिथे झोपले तिथे कडी आतून होती.

रविवार संध्याकाळ, हार्डवेअरची दुकानं बंद. मी म्हटलं, उद्या सकाळी पहिलं काम हेच. त्या पलंगावर नाही, आरशापुढच्या खुर्चीवर बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन, दाराकडे तोंड करून. मग मला कळलं की ह्या आज रात्रीही आडव्या होणार नाहीत. ठराव, अनुमोदन, चादर, सगळं होऊन.

कपाटात स्क्रू ड्रायव्हर होता. आतून बसवायला मी बाहेरची कडीच काढायला घेतली. खजिनदारबाई हिशेब करत खालीच होत्या, आवाज ऐकून जिन्यावर आल्या. "अगं, ती काढलीस तर बाहेरून कुलूप कसं लावायचं?"

मी म्हटलं, "नाही लावायचं."

त्या खाली जाऊन खलबत्त्यातला बत्ता घेऊन आल्या, कारण चौकट जुन्या सागाची आणि स्क्रू आत जाईना. खिळ्याने आधी भोकं पाडावी लागली. मी ठोकत होते, खजिनदारबाई कडी धरत होत्या आणि लेफ्टनंटबाई माझ्या मोबाइलचा उजेड धरून होत्या. मला पुढचं भोक कुठे लागणार हे त्यांना माझ्या आधी कळत होतं, उजेड तिथे जाऊन थांबायचा. कडी जरा वाकडी बसली, पण बसली.

"तुम्ही दोघी बाहेर जा," त्या म्हणाल्या. आम्ही बाहेर गेलो. आतून कडी सरकवल्याचा आवाज आला.

"ढकला," आतून आवाज.

मी हाताने ढकललं.

"असं नाही. माणूस ढकलतो तसं."

मी खजिनदारबाईंकडे बघितलं. त्यांनी तोंडावर पदर धरला होता. मी दोन पावलं मागे गेले आणि खांद्याने दारावर आदळले. दार हललं नाही.

"अजून एकदा."

पुन्हा आदळले, होती नव्हती तेवढी ताकद लावून. बांगडी फुटली. दार हललं नाही.

मग आत पलंग करकरला.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. आवाज खालून आल्यासारखा येत होता, आडव्या माणसाचा येतो तसा. "जा आता तुम्ही."